रबरानं सुटत नाही तो स्क्रू

निपाणीच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेला तो व्हिडिओ एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. मला आठवड्यात तिघांनी पाठवला. दावा असा: स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालं तर त्यावर रुंद रबर ठेवा, ड्रायव्हर दाबून फिरवा, निघालाच. नाही निघाला तर कोला ओता. नाहीतर डब्ल्यूडी-40 मारा. नाहीतर फेविक्विकनं वर नट चिकटवा. अगदीच हट्टी असेल तर एक्स्ट्रॅक्टर घाला. आणि शेवटी ठसक्यात, "मेकॅनिक लोक हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत."

मी यातलं पहिलं करून बसलोय, म्हणून लिहितोय. बेळगावात, वडगावला दारातच गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क बदलायला काढल्या होत्या. गाडी जुनी, त्यात गेले चार पावसाळे खानापूर-जांबोटीच्या वाटेवर घातलेले. चाक काढलं की डिस्क दिसते आणि तिच्यात बुडवलेले प्लसचे दोन स्क्रू दिसतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांना असे असतात. पहिला स्क्रू ड्रायव्हरखाली 'कर्र' करून घसरला, तेव्हा खाचेच्या चारही कडा चकाकत गोल झाल्या होत्या. रबर लावलं. दुसरं लावलं. संध्याकाळी दाजींना फोन केला, "रबर लावलो की दाजी, नुसतं घसरतंय." ते म्हणाले, "जोर कमी पडला असणार की हो तुमचा."

जोर कमी पडला नव्हता. इथंच त्या व्हिडिओची मूळ चूक आहे. डोकं झिजणं हे एक दुखणं आणि आटे गंजून धरणं हे दुसरं. रबर पहिल्यावरचं औषध आहे, तेही सौम्य. खाच आणि ड्रायव्हर यांच्यातली फट ते भरतं, बस्स. कपाटाच्या बिजागरीचा, रेडिओच्या मागचा स्क्रू त्यानं निघतो, कारण तिथं आटे मोकळेच असतात. डिस्कवरचा सहा मिलिमीटरचा स्क्रू कसतानाच साधारण 10 न्यूटन-मीटर जोर लागतो आणि गंज धरल्यावर सोडवायला त्याच्या कितीतरी पट. एवढ्या जोरापुढं रबर फाटून त्याचा भुगा होतो. शिवाय ते मध्ये असल्यानं ड्रायव्हरचं टोक खाचेच्या तळाला टेकतच नाही, म्हणजे जी काही पकड उरली होती तीही आपणच घालवतो.

व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट अशी की डोकं जातं ते बहुतेक वेळा चुकीच्या बिटमुळं. घरात सगळ्यांकडे दोन नंबरचा प्लस असतो, आणि या स्क्रूला तीन नंबर लागतो. दोन नंबर आत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि डुलतो. त्यात जपानी पद्धतीच्या प्लसची खाच नेहमीच्या फिलिप्सपेक्षा जराशी वेगळी असते. तसल्या स्क्रूच्या डोक्यावर बरेचदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला तर त्याच मापाचा बिट मिळवा. बिट खाचेत ठेवून बोटानं हलवून बघायचा. डुलला तर तो तुमचा नव्हे.

कोल्याचं थोडक्यात. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, आणि नुसता लोखंडी तुकडा रात्रभर बुडवला तर वरचा गंज उतरतोही. पण उभ्या डिस्कवर ओतलेला कोला आट्यांत शिरत नाही, खाली ओघळतो. सकाळी मुंग्यांची रांग मात्र लागते.

डब्ल्यूडी-40 बद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण यात अर्धं खरं आहे. नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणं आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. 1953 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तो बनला तो धातूवरचं पाणी हटवून गंज टाळायला. आधीच धरलेला गंज फोडायला खास भेदक तेल वेगळं मिळतं, त्याच कंपनीचंही मिळतं. कुठलंही मारा, पण 'मारा आणि लगेच फिरवा' हे चूक. मारायचं, डोक्यावर हातोडीनं चार टिचक्या द्यायच्या, रात्रभर सोडायचं, सकाळी परत मारायचं. आणि डिस्क जुनीच परत बसवणार असाल तर तिच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर तेलाचा थेंब राहता कामा नये. ब्रेक क्लीनरनं पुसून घ्या. पॅडवर तेल गेलं तर पॅडच बदला. स्क्रू निघाला आणि ब्रेक लागेना, असला सौदा कुणाला परवडतो?

कुणी म्हणेल, गॅसच्या बत्तीनं तापवा. तापवून गंजाची पकड सुटते, हे खरंच. पण वीतभर अंतरावर ब्रेकचा रबरी होज असतो, एबीएसची वायर असते, बेअरिंगमधलं ग्रीस असतं. आणि क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर नुकतंच मारलं असेल तर त्यावर ज्योत धरायचीच नाही, त्यातून विषारी वायू तयार होतो. दारात बसून करायचं हे काम नव्हे.

फेविक्विकनं नट चिकटवणं तर हसण्यावारीच न्यावं. तो गोंद ओढ सोसतो, पीळ आणि धक्का नाही, आणि तेलकट लोखंडावर धड चिकटतही नाही. कल्पना मात्र कुठून उचललीय ते कळतं. वेल्डर डोक्यावर नट वेल्ड करतात आणि ते चालतं, कारण नटाची पकड मिळतेच, वर वेल्डिंगची उष्णता आट्यांत उतरते. त्याआधी बॅटरीची वायर काढायची आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही.

आता एक्स्ट्रॅक्टर. या हत्याराबद्दल माझं मत वाईट आहे. स्क्रूच्या मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांचं निमुळतं टोक आत घालायचं आणि डावीकडे फिरवायचं, ऐकायला छान आहे. पण सहा मिलिमीटरच्या स्क्रूत भोक पडतं तीन-साडेतीनचं, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर तेवढाच बारीक. तो कडक पोलादाचा, त्यामुळं वाकत नाही, तुटतो. त्यातून निमुळता असल्यानं जितका आत जातो तितका स्क्रूची पातळ उरलेली भिंत बाहेर ढकलतो, म्हणजे धरलेला स्क्रू आणखी धरतो. आत तुटला तर साधा ड्रिल बिट त्याला ओरखडाही काढत नाही. मग ठिणग्यांनी धातू झिजवणारा स्पार्क मशीनवाला शोधा, नाहीतर डिस्क ज्यावर बसते तो हबच बदला. उलट्या धारेचा ड्रिल बिट मिळाला तर तो बरा. तो भोक पाडतानाच डावीकडे ओढतो, आणि कधी कधी स्क्रू त्याच्याबरोबरच बाहेर येतो.

राहिलं "मेकॅनिक सांगत नाहीत". सोमवारी मी उद्यमबागेत एका फिटरकडे गेलो. त्यांनी खणातून इम्पॅक्ट ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला आणि सगळं फुकट सांगितलं. जाड दांड्याचं हत्यार, मागून हातोडी मारली की टोक एकाच क्षणी आत दाबलं जातं आणि जरासं फिरतं. घसरायला वेळच मिळत नाही. नवा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. मारायच्या आधी तो सोडवायच्या दिशेला लावलाय का ते बघा. मी पहिल्यांदा उलटाच धरला होता. "निधान माड्री," म्हणाले ते, सावकाश करा. हातोडी किलोभराची, घाव मोजके पण सरळ.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती ऐकून माझा सगळा ताणच गेला. हे स्क्रू डिस्कला चाकाबरोबर धरून ठेवायला नसतातच. कारखान्यात जुळणी करताना डिस्क हलू नये, एवढंच त्यांचं काम. नंतर डिस्क घट्ट धरतात ते चाकाचे नट. म्हणजे डोकं गेलेल्या स्क्रूशी कुस्ती खेळायचं कारणच नाही. मध्यावर पंचनं खूण करायची, आठ मिलिमीटरच्या बिटनं नुसतं डोकं ड्रिल करायचं. डोकं सुटलं की डिस्क निघते आणि हबमधून बाहेर राहिलेला तुकडा व्हाइस ग्रिपनं, म्हणजे दाबली की लॉक होणाऱ्या पकडीनं, धरता येतो. तोवर तेलही मुरलेलं असतं.

मंगळवारी तसंच केलं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवली नव्हती, स्टँड लावला होता. (खाली वीट किंवा चिरा लावणाऱ्यांनी एकदा त्याचा भार पडून चुरा झालेला बघावा.) गुळगुळीत स्क्रूचं डोकं पाच मिनिटांत उडालं, तुकडा व्हाइस ग्रिपनं अर्धा फेरा कुरकुरला आणि मग हातानं फिरला. दुसऱ्या बाजूचे दोन्ही स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या चार-चार घावांत सुटले. नवे बसवताना आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं, बोटभर नव्हे, नुसतं पुसल्यासारखं.

जुनं डोकं डब्यात ठेवलंय. त्याच्या खाचेत दाजींचं पिवळं रबर अजून अडकलेलं आहे.