सवलत घेता ना, मग लहान पुरवठादारांचं बिलही 45 दिवसांत चुकतं करा

मराठवाड्यात मोठा कारखाना येणार म्हटलं की मला मनापासून आनंद होतो. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक या औद्योगिक नगरीसाठी राज्य सरकारशी सुमारे 20,000 कोटींचा करार केला, तेव्हाही झाला. बजाज संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आली आणि तिच्यामागे सुटे भाग करणारे किती कारखाने उभे राहिले, हे आपण बघितलंय. त्यामुळे मागास भागातल्या उद्योगांना सवलती देऊच नयेत, असं मी म्हणणार नाही.

पण दिलेल्या सवलतीचं झालं काय, हे कुणीतरी विचारायला हवं. उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून सुरू आहे. तालुका किती मागास, यावरून ए पासून डी प्लसपर्यंत गट पाडलेत, त्यानुसार राज्याचा जीएसटी परत मिळतो, वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्क माफ होतं. हा पैसा तुमचा-माझा आहे. करार झाला की किती रोजगार येणार त्याचा आकडा पेपरात पहिल्या पानावर असतो. पाच वर्षांनी प्रत्यक्षात किती जणांचा पीएफ भरला जातोय, त्यातले कायम किती आणि कंत्राटी किती, हे कुठेच छापून येत नाही.

आता वाळूजच्या एखाद्या भाड्याच्या शेडमध्ये डोकावून बघा. संगणकावर चालणारी दोन सीएनसी मशीन, एक जुनी लेथ, पाच-सहा पोरं. माल वेळेवर गेलेला असतो, पण बिल तीन-तीन महिने अडकतं. जीएसटी भरायची 20 तारीख मात्र थांबत नाही. न मिळालेल्या पैशावरचा कर हा शेडवाला बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून, व्याज सोसून भरतो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम त्याच्या कामाचा नाही, कारण तो नव्या युनिटसाठी आहे. अशाच एका शेडवाल्याने मला सरळ सांगितलं, "भाऊ, सबसिडी राहू द्या, माझं बिल तेवढं वेळेवर काढायला लावा."

त्याचं अगदी बरोबर आहे. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, हा कायदा 2006 पासून आहे. आता आयकरातही तरतूद आली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला उत्पन्नातून वजा करता येत नाही. तरी दाद मागायला फारसं कुणी जात नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. म्हणून ही अट सवलतीलाच जोडा. लहान पुरवठादारांची बिलं 45 दिवसांत काढल्याचं सीएचं प्रमाणपत्र द्या, मगच त्या वर्षीचा परतावा घ्या. यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जास्त जात नाही.

संभाजीनगर महापालिकेलाही एक सांगणं आहे. थकलेल्या मालमत्ता करावरची शास्ती, म्हणजे दंड, माफ केली की फायदा थकबाकीदाराचा होतो. दरवर्षी वेळेवर कर भरणाऱ्या दुकानदाराच्या हाती काही लागत नाही. खानावळवाला, लॉन्ड्रीवाला टँकरवर जो पैसा घालतो, तो नळाला रोज पाणी आलं तर वाचेल. त्याच्यासाठी तीच मोठी सवलत.

मसिआ आणि सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी 45 दिवसांची ही अट लावून धरावी. आणि जिल्हा उद्योग केंद्राने दरवर्षी मराठीत यादी लावावी: कंपनीचं नाव, मिळालेला परतावा, पीएफ असलेले कामगार आणि जिल्ह्यातून केलेली खरेदी.