तिरंदाज मेल्याचं दुःख नाही, पण फासा सोकावतो

रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखादं पात्र होऊन लढायचं त्या गेममध्ये, वार लागण्याचा चान्स टक्क्यांत दाखवतात. स्क्रीनवर ९५% दिसलं की माझ्या डोक्यात त्याचं आपोआप 'लागणारच' होतं, १२% दिसलं की 'छे, काय लागतंय' होतं, आणि मधल्या आकड्यांशी माझं फारसं देणंघेणं नाही. असले गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, गणित हे असंच असतं.

तर माझा तिरंदाज राक्षसापासून दोन हातांवर उभा होता. राक्षसाची हेल्थ उरलेली चार, बाणाचं डॅमेज सहा, चान्स ९५%. मी बटण दाबलं, कॅमेरा एकदम हीरोच्या एन्ट्रीसारखा फिरून तिरंदाजाच्या खांद्यामागे आला, बाण सुटला आणि राक्षसाच्या कानाशेजारून जाऊन भिंतीत घुसला. मिस. मग राक्षसाची टर्न, चान्स १२%, लागला, वर क्रिटिकल पण, म्हणजे नेहमीपेक्षा जबर. तिरंदाज गेला.

बाजूला धाकटा भाऊ बसलेला, तो शांतपणे म्हणतो, "ताई, ९५ म्हणजे वीसात एक मिस आलाच ना, तू वीस बाण मारलेस तर एक तरी हुकण्याचा चान्स ६४% आहे." घरात गणित येणारं माणूस असू नये ते यासाठी.

मी सेव्ह लोड केला, म्हणजे गेम आधी साठवलेल्या जागेवरून परत सुरू केला, तोच बाण, तीच जागा, परत मिस! कारण वार लागणार की हुकणार हे गेम फाशासारखा एक रँडम नंबर काढून ठरवतो, आणि काही गेम्स पुढचे नंबर सेव्हमध्येच ठरवून ठेवतात, कितीही वेळा लोड करा, नशीब तेच. यावर तोडगा असा की आधी आपल्या दुसऱ्या माणसाकडून कुठेतरी फालतू वार करून घ्यायचा, म्हणजे तो पनवती नंबर त्याच्यावर खपतो आणि तिरंदाजाच्या वाट्याला पुढचा येतो. म्हणजे जग वाचवायला निघालेली माझी मांत्रिक बाई भर युद्धात एका ठणठणीत राक्षसाला काठीने टोचत बसलेली असते, का तर नंबर खपवायचाय.

हा सगळा ताप सुरू झाला १९७४ मध्ये, डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम आला तेव्हा, त्याच्या वीस बाजूंच्या फाशातून. त्याच्या आताच्या नियमात १ पडला की वार हुकलाच, म्हणजे योद्धा कितीही थोर असू दे, एका फाशावर त्याची लिमिट ९५%. पण टेबलावर निदान फासा डोळ्यांना दिसतो, तो बदलता येतो, त्याच्यावर फुंकर मारता येते. कॉम्प्युटरवर फुंकर कुठे मारणार. बरं १००% तरी सुरक्षित असावं ना? १९९६ च्या पहिल्या पोकेमॉन गेम्समध्ये १००% वाला वारसुद्धा २५६ मध्ये एकदा हुकायचा, कारण रँडम नंबरची चान्सशी तुलना करताना 'पेक्षा कमी' एवढंच तपासलं होतं, 'किंवा समान' राहून गेलं. एका बरोबरच्या चिन्हासाठी किती पोरं रडली असतील.

गेम बनवणाऱ्यांना आपण कसे आहोत हे नीट कळलंय. फायर एम्ब्लेम या गेमच्या मालिकेत २००२ च्या 'द बाइंडिंग ब्लेड'पासून बऱ्याच भागांत वार लागला का ते ठरवायला एकाऐवजी दोन रँडम नंबर काढून त्यांची सरासरी घेतली, त्यामुळे स्क्रीनवर ९० असेल तर खरा चान्स ९८ च्या किंचित वर, आणि १० असेल तर जेमतेम २. म्हणजे सरळ सरळ खोटं, आणि लोक म्हणतात वा काय फेअर गेम आहे! बाल्डर्स गेट ३ या गेमच्या सेटिंग्जमध्ये 'कार्मिक डाइस' आहेत, लागोपाठ वाईट फासे पडू नयेत म्हणून, आणि ते आधीपासूनच ऑन असतात, विचारतसुद्धा नाहीत. खरा फासा कुणालाच नकोय, सगळ्यांना 'माझ्या बाजूचा' फासा हवाय.

"मग फासाच नसलेला गेम खेळ की," इति भाऊ. खेळले. इनटू द ब्रीच, २०१८ चा. शत्रू कुठे मारणार ते आधीच दिसतं, आपला वार सांगितला तेवढाच आणि तिथेच बसतो, बिल्डिंग वाचण्याचा एक छोटा टक्का सोडला तर लपवाछपवी नाही. नशीब आहे, पण ते टर्नच्या आधी, शत्रू कुठून उगवणार यात, नंतरचं सगळं तुमच्या अकलेवर. गेम अप्रतिम आहे. पण हरल्यावर शिव्या कुणाला घालायच्या? मी इकडे तिकडे बघितलं, कुणीच नव्हतं, फक्त मी आणि माझी अक्कल, असलं नागडं हरणं रोज कोण सहन करणार. परत फाशांकडे आले, निदान रोज भांडायला कुणीतरी समोर आहे.

भाऊ परवा म्हणाला, तुला नेमकं हवंय तरी काय. म्हटलं सोप्पं आहे, दोन बटणं द्या, 'माझा मिस' बंद आणि 'शत्रूचा मिस' चालू.

"ताई, ते आहे की, त्याला ईझी मोड म्हणतात."

ईझीवर मी खेळत नाही, माझी काही इज्जत आहे की नाही.