न्यूट्रल टाकून ड्राइव्हट्रेनला ‘आराम’ मिळत नाही

रविवारी वसईहून ठाण्याला येताना मामांनी गायमुखच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली. मागे मामी आणि दोन मुलं. विचारलं तर म्हणाले, “अरे, ग्रुपवर आलंय. ड्राइव्हट्रेनला आराम मिळतो, पेट्रोल वाचतं.” हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तीनदा येऊन गेलाय. आता पुरे.

मेसेज म्हणतो, ड्राइव्हट्रेन म्हणजे इंजिन. नाही. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा म्हणजे ड्राइव्हट्रेन: क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), ॲक्सल. इंजिन धरून सगळं मिळून पॉवरट्रेन. जाहिरातींतही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून एवढी चूक सोडून देतो.

पण ‘आराम’? न्यूट्रलमध्ये फक्त इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो. धावती चाकं ॲक्सल, डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरवतच राहतात. आराम कुणालाच नाही. उलट गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला रोखून धरतं; तो अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात, पकड सुटत जाते, आणि पुढे कंटेनर उभा असला तर काय करणार?

पेट्रोलचं म्हणाल, तर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या जुन्या गाड्यांत थोडं वाचायचं, हे कबूल. 1983 साली आलेली मारुती 800 तशीच होती, आणि मामा त्याच गाडीवर शिकले. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून पेट्रोल सोडतो अशा गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा वेग आयडलिंगजवळ येईपर्यंत इंधन तुटतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. मामांच्याच गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका काढून दाखवली. उतारावर खालचा गिअर टाका, न्यूट्रल नको, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

मेसेजमधलं बाकीचं थोडक्यात. इलेक्ट्रिक गाडीला ड्राइव्हट्रेन नसते, हे खोटं; भाग कमी असतात, पण वेग कमी करणारे गिअर, डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट तिथेही आहेत. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी पावसात लवकर थांबते, हेही खोटं. ब्रेक प्रत्येक कारच्या चारही चाकांना असतात.

मामांच्या गाडीला पूर्ण वळण घेताना कटकट आवाज येतो. सीव्ही जॉइंटचं, म्हणजे चाक वळलं तरी त्याला ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याचं रबरी आवरण (बूट) फाटलं असावं. ती खरी ड्राइव्हट्रेनची तक्रार. उद्या सकाळी मी स्वतः गाडी मेकॅनिककडे नेतोय.