इंग्रज कंगाल झाले म्हणून गेले? काका, जरा थांबा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका आहेत, रिटायर्ड, माणूस एकदम चांगला, पण सकाळी सहाला गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत काहीतरी इतिहासाचं फॉरवर्ड टाकल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. या आठवड्यात जे आलं ते मला आणखी तीन ग्रुपवर आलंय, त्यातला एक तर शाळेचा, म्हणून लिहायला बसलो. थोडक्यात मजकूर असा: "स्वातंत्र्य कोणी मिळवलं वगैरे नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपवाले कंगाल झाले, म्हणून जगभरातल्या वसाहती आपणहून सोडून गेले. सामान्य माणसाला स्वातंत्र्य नकोच होतं, ते विलायतेत शिकलेल्या चार वकिलांचं खूळ. आणि गेले तेही शांतपणे, रेल्वे, पोस्ट, कोर्ट देऊन."

काका, राग मानू नका, पण एकेक घेऊ.

आधी ते चार वकील. आपण नाशिकला राहतो हो! १८५७ ला इथे सिन्नर, नांदूर शिंगोटे पट्ट्यात भागोजी नाईकांचे भिल्ल इंग्रजांशी लढले, त्यातला कोण विलायतेला गेला होता? १९३० च्या जंगल सत्याग्रहात कळवणचे आदिवासी उतरले, कारण ज्या रानातून बापजाद्यांनी गवत, लाकूड आणलं तिथे आता सरकारची परवानगी लागायला लागली. त्यांना कोणी बॅरिस्टरने येऊन सांगायची गरज नव्हती की हे चुकतंय. वकिलांनी काय केलं, तर गावागावातली ही वेगवेगळी दुखणी एका मागणीत बांधली. हे काम मोठंच आहे, पण दुखणं त्यांनी तयार नाही केलं.

आता "नकोच होतं" हे बघू, कारण यात अर्धा टक्का खरं आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी लोकांनी पूर्ण स्वातंत्र्य खरंच मागितलं नव्हतं. काँग्रेस १८८५ ची, पूर्ण स्वराज्याचा ठराव डिसेंबर १९२९ चा लाहोरचा. मधली ४४ वर्षं काय चाललं होतं, तर अर्ज, विनंत्या, कौन्सिलात चार जागा द्या, आयसीएसची, म्हणजे बड्या सरकारी नोकरीची, परीक्षा भारतातही घ्या. गांधीजी १९१८ ला खेडा जिल्ह्यात फिरून ब्रिटिश फौजेसाठी माणसं भरती करत होते, होय, गांधीजीच! आणि १९२० ला त्यांनीच असहकार पुकारला. मधे काय झालं? पहिल्या महायुद्धात भारताने लाखो माणसं पाठवली, वाटलं आता काहीतरी मिळेल, तर मिळाला रौलट कायदा आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग.

आणि हे फक्त आपलं नाही, म्हणून मला ते फॉरवर्ड जास्त खटकलं. अमेरिकेतल्या वसाहतींनी १७७५ ला, लढाई सुरू झालेली असतानासुद्धा, राजाला समेटाचा अर्ज पाठवला होता, राजाने तो घेतलाही नाही, पुढच्या वर्षी स्वातंत्र्याचा जाहीरनामा. हैतीमधे गुलामांनी १७९१ ला उठाव केला, तरी त्यांचा नेता तूसँ लूव्हर्त्यूर याने १८०१ ची राज्यघटना केली त्यात देश फ्रेंच साम्राज्यातच ठेवला होता, म्हणजे गुलामी नको एवढंच, बाकी तुमचेच. नेपोलियनने काय पाठवलं? फौज. मग १८०४ ला हैती स्वतंत्रच झालं, दुसरा रस्ता ठेवलाच नव्हता.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र अल्जीरियाचे फरहात अब्बास. व्यवसायाने फार्मासिस्ट. १९३६ ला या माणसाने लिहिलं होतं की मी अल्जीरियन राष्ट्र शोधलं, मला ते सापडलं नाही, आम्हाला फ्रेंच नागरिकांचे बरोबरीचे हक्क द्या. यापेक्षा मवाळ माणूस कुठे शोधणार? हक्क दिले नाहीत. १९४३ ला त्यांनी जाहीरनामा काढला, ८ मे १९४५ ला, म्हणजे ज्या दिवशी युरोपात विजयाचा जल्लोष चालला होता त्याच दिवशी, सेतिफला मोर्चावर गोळ्या चालल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो अल्जीरियन मारले गेले. १९५८ ला स्वतंत्र अल्जीरियाच्या हंगामी सरकारचे पहिले अध्यक्ष कोण होते? हेच फरहात अब्बास. बावीस वर्षांत "आम्हाला फ्रेंच करून घ्या" पासून इथपर्यंत. त्यांना हे खूळ विलायतेतून लागलं की पॅरिसने एक साधी मागणी वीस वर्षं लटकवून ठेवली म्हणून, तुम्हीच सांगा.

तर काका, स्वातंत्र्य नको होतं असं नाही, आधी कमी मागितलं होतं, आणि ते कमीसुद्धा दिलं नाही.

"राज्य चांगलं होतं" हे फॉरवर्डमधे सरळ लिहिलेलं नाही पण रेल्वे, पोस्टच्या आडून तेच म्हणायचंय. त्यावर नाशिकचंच सांगतो. कलेक्टर जॅक्सन, संस्कृतचा अभ्यासक, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणायचे, वाईट माणूस होता असं कोणी म्हणत नाही. त्याची बदली झाली म्हणून २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात त्याच्या सन्मानार्थ शारदा नाटकाचा प्रयोग ठेवला होता आणि तिथे अनंत कान्हेरे या जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या पोराने त्याला गोळ्या घातल्या. खून योग्य की अयोग्य यावर गोल्फ क्लब ग्राउंडला, म्हणजे कान्हेरे मैदानावरच, सकाळी चालायला येणारे लोक अजून वाद घालतात, मी त्यात पडत नाही. पण त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी झालं होतं, कशासाठी, तर कविता छापल्या म्हणून. पंडित कलेक्टर आणि कवितेला काळं पाणी, दोन्ही एकाच गावात, एकाच वर्षात. साहेब चांगला की वाईट हा मुद्दाच नव्हता, साहेब नेमणार कोण आणि कायदा करणार कोण हा होता.

शांतपणे गेले, यावर फार लिहीत नाही. फाळणीची रेषा आखायला नेमलेला रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला पहिल्यांदा भारतात आला आणि पाच आठवड्यांत पंजाब, बंगाल कापून मोकळा झाला, रेषा लोकांना कळली १७ ऑगस्टला. केनियात १९५२ पासून आणीबाणी, छावण्या, हजाराच्या वर माणसं फासावर, २०१३ ला ब्रिटिश सरकारने पाच हजारांवर वृद्धांना भरपाई कबूल केली. याला शांतपणे म्हणायचं असेल तर म्हणा.

राहिला मुख्य मुद्दा, कंगालपणा. ब्रिटनची हालत खराब होती हे शंभर टक्के खरं. १९४६ ला अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं, उलट भारताचंच साधारण १३० कोटी पौंड देणं त्यांच्या डोक्यावर होतं. पण पैसे नसले की माणूस सोडतो का? याच कंगाल ब्रिटनने १९४८ ते १९६० मलायात युद्ध केलं, कारण तिथल्या रबर आणि कथिलातून डॉलर यायचे. म्हणजे कंगाल असल्यामुळे उलट घट्ट धरून ठेवलं! नेदरलँड्सवर तर जर्मनांनी पाच वर्षं राज्य केलं होतं, देश खिळखिळा झालेला, तरी इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केल्यावर डचांनी फौजा पाठवल्या आणि १९४९ च्या डिसेंबरपर्यंत सोडलं नाही.

मग भारत का सोडला? कारण इथे धरून ठेवायला जी माणसं लागायची तीच हातातून चालली होती. फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांनी सुरू केलेला संप ७० च्या वर जहाजांवर पसरला. त्याआधी लाल किल्ल्यातल्या आझाद हिंदच्या खटल्याने देश पेटलेला, बेचाळीसच्या आठवणी ताज्या, साताऱ्यात तर पत्री सरकार १९४६ पर्यंत चाललं. हिंदी शिपायावर भरवसा राहिला नाही तर चाळीस कोटींचा देश गोऱ्या फौजेच्या जोरावर धरायचा खर्च कुठून आणणार? तिजोरी रिकामी होती म्हणून नुसतं भागत नाही, खर्च इतका वाढवला कोणी हेही विचारा की.

आणि हिशोब पक्का करायचा असेल तर पोर्तुगाल घ्या, दुसऱ्या महायुद्धात लढलाच नाही, उलट दोन्ही बाजूंना टंगस्टनचं खनिज विकून सोनं कमावलं. काकांच्या थिअरीप्रमाणे त्याचं साम्राज्य टिकायला हवं होतं. आपल्या पेठच्या घाटाने उतरून गेलं की सिल्वासा, ते दादरा नगर हवेली १९५४ ला लोकांनी जाऊन सोडवलं, त्यात सुधीर फडके होते, हो, आपले गाणारे बाबूजी. गोव्यात १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, गोवा सुटला १९६१ च्या डिसेंबरात, तोही आपली फौज गेल्यावर. अंगोला, गिनी-बिसाऊ, मोझांबिक या आफ्रिकेतल्या वसाहतींमधे तर दहा दहा वर्षं युद्ध चाललं, शेवटी त्या युद्धाला कंटाळलेल्या त्यांच्याच तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधलं सरकार पाडलं, तेव्हा कुठे सुटका झाली.