बर्फ, बाण आणि देवगडकरांची तक्रार

देवगडकर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो आणि लिहिलेलं सगळं खोडून टाकलं, कारण ते रागाचं होतं. आज सकाळी बंदरावर चक्कर मारून आलो, चहा झाला, आता शांतपणे लिहितो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये धनुर्धराच्या भात्यात मोजकेच बाण हवेत, नाहीतर ते वास्तव वाटत नाही, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं. ड्रॅगन उडतो ते चालतं, मढी उठून तलवार चालवतात ते चालतं, मग बाणांपाशी आल्यावरच वास्तव कसं आठवतं? आंब्याच्या दिवसांत तुम्ही दिवसभर पेट्या मोजता, रात्री जेमतेम तासभर मिळतो, त्यात आणखी बाण कोण मोजणार? खुद्द अर्जुनाला अक्षय भाता होता. जादूगाराची शक्ती आपोआप भरते, तर धनुर्धराने काय घोडं मारलंय? आणि शेवटी, ‘लेखकाने स्कायरिम नीट खेळलेलं दिसत नाही.’

शेवटापासून सुरू करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलो आहे. स्कायरिममध्ये (२०११) बाणांना वजन असतं असं मी लिहिलं. नसतं. मूळ गेममध्ये बाणाचं वजन शून्य. ते येतं नंतर आलेल्या सर्व्हायव्हल मोडमध्ये, म्हणजे भूक-थंडी सोसायला लावणाऱ्या कठीण प्रकारात. माझ्या डोक्यात त्याच मालिकेतला आधीचा मॉरोविंड (२००२) होता, तिथे प्रत्येक बाण थोडंथोडं वजन खातो. दोन्हींची खिचडी झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. पण ‘नीट खेळलेलं नाही’ हे मात्र ऐकून घेणार नाही. माझ्या पात्राजवळ एकदा तेराशेच्या वर बाण साठले होते. तेवढे साठवायला किती रात्री जातात ते तुम्हालाही ठाऊक असेल.

आता ‘वास्तव’. हा शब्द वापरून मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आपण रात्र रात्र जागून दशावतार बघणारी माणसं. राजा लाकडी तलवार घेऊन राक्षसावर धावतो, पखवाज चढत जातो, झांज तापते, आणि तलवारीला धार आहे का हे कुणी विचारत नाही. ड्रॅगनचा मुद्दा तुमचा, मी मागे घेतो. तरी एक सांगतो, खऱ्या इतिहासातसुद्धा धनुर्धर गेममधल्यासारखा एकटा हिंडत नसे. मध्ययुगात इंग्लंडमध्ये बाणांची एक जुडी २४ ची असे. भराभर सोडले तर काही मिनिटांत संपणारा हा साठा, म्हणून मागे बाणांच्या गाड्या लागत. १४१५ साली अॅझिनकोर्टच्या लढाईत इंग्रज धनुर्धरांनी शेवटी धनुष्यं टाकली, मेखा ठोकायचे मोगर, कुऱ्हाडी, तलवारी, हाताला लागेल ते उचललं आणि चिखलात रुतलेल्या सरदारांवर तुटून पडले. मला त्या लेखात खरं म्हणजे हे म्हणायचं होतं आणि मी भलतंच म्हणून बसलो. आकडा खरा आहे की खोटा याच्याशी मला देणंघेणं नाही. बाण संपल्यावर पुढे काय होतं, ते मला हवंय.

पेट्यांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून हसू आलं आणि पटलंही. पाच डझनी, सहा डझनी, डाग लागलेलं फळ बाजूला, पेंढा, खोका बंद, वहीत नोंद. ही मोजणी गोष्टीत आणली की गेमचं दुकान होतं. असे गेम झालेही आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये शिकारी पात्राला सुरुवातीची काही वर्षं बाण विकत घेऊन बाळगावे लागत, वर भात्यापायी सामानाच्या पिशवीची एक जागा अडायची. त्याने लढाईतले निर्णय काही बदलत नसत. गावात आलं की भात्यात भर घालायची, एवढंच काम. २०१० मध्ये त्यांनी बाणांची भानगडच काढून टाकली आणि फारसं कुणी रडलं नाही. त्याहून जुना पहिला झेल्डा (१९८६) घ्या. तिथे बाण सोडला की खिशातून एक ‘रुपी’ कमी होतो. बाण म्हणजेच पैसा. आमच्या आजीला हा एक गेम नक्की पटला असता.

माझा मामा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या होता. दहावीची परीक्षा झाली त्या एप्रिलमध्ये मी हट्ट करून त्याच्याबरोबर समुद्रात गेलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी बर्फ भरला. फोडलेला बर्फ बोटीच्या पोटात ओतत होते आणि मी विचारलं, एवढा कशाला, तर खलाशी हसले. बंदरात बर्फाला किंमत नसते. पैसे टाकले की मिळतो, संपला तर पुन्हा मिळतो. दुसऱ्या दिवशी दुपारी किनारा दिसेनासा झालेला, ऊन मी म्हणतंय, आणि पहिल्या दोन ओढींत नुसती तारली, म्हणजे स्वस्तातली बारीक मासळी. बोटीच्या पोटात बर्फ निम्म्यावर आलेला. तिसऱ्या ओढीत पुन्हा तारली आणि तिच्यात आठ-दहा मोठ्या सुरमया. मामाने एकदा खाली वाकून बर्फाकडे पाहिलं आणि म्हणाला, “तारले नको आता. बर्फ सुरमयेक ठेवा.”

त्यावर वाद झाला. एका खलाशाचं म्हणणं, आत्ताच मागे फिरूया, आहे तेवढं चांगल्या भावात जाईल. दुसऱ्याचं, अजून एक ओढ मारूया, सुरमई इथेच आहे. मामा बराच वेळ काही बोलला नाही. जाळ्यातली चांगली तारली परत पाण्यात जाताना मी पाहिली, तिच्यावर पक्षी तुटून पडले. मग एक ओढ मारली. तिच्यात काहीच आलं नाही, आणि परतताना कुणी कुणाशी बोललं नाही.

त्या दिवशी बर्फाचा भाव बदलला नव्हता. फक्त बर्फाचा कारखाना लांब होता. बाणांचंही तसंच आहे, देवगडकर. बाण महाग करून किंवा थोडे करून उपयोग नाही, भरून घ्यायची जागा लांब हवी. माझ्या मागच्या लेखात ‘मोजके’ असं आहे तिथे ‘लांब’ वाचा.

या मापाने पाहिलं तर स्कायरिममध्ये बाणांना मर्यादा आहे आणि नाहीही. मारलेल्याच्या अंगातून साधारण तिसरा हिस्सा बाण परत मिळतात, त्यासाठीचं एक कौशल्य घेतलं की त्याच्या दुप्पट. प्रत्येक धनुर्धारी दरोडेखोर मेल्यावर स्वतःचे बाण आयते देऊन जातो. डॉनगार्ड ही स्कायरिमची पुरवणी (२०१२) आल्यावर एका धातूच्या विटेत आणि एका लाकडाच्या ढलपीत भट्टीवर २४ बाण होऊ लागले. (२४! इंग्लंडातली जुडी. योगायोग असेल, पण मला आवडला.) लोक तर नेमबाजीचा सराव करणाऱ्या सैनिकाच्या खिशात गुपचूप आपला एक भारी बाण सरकवत. तो बिचारा दिवसभर तोच बाण फलकावर मारत बसायचा आणि हे फलकातून उपसून घ्यायचे. पुढे कंपनीने ही पळवाट बुजवली. अशा जगात बाण मोजणं म्हणजे बर्फाच्या कारखान्यात बसून बर्फ मोजणं. तुमची चिडचिड रास्त आहे. माझे तेराशे बाण हाच तिचा पुरावा.

उलट डार्क सोल्समधली (२०११) औषधाची सुरई बघा. मोजके घोट, आणि भरते ती फक्त शेकोटीपाशी. शेकोटीपाशी बसलं की वाटेत मारलेले बहुतेक शत्रू पुन्हा उभे. म्हणजे मागे फिरायची सोय आहे, पण फुकट नाही. तिथे मी दारापुढे उभा राहून दोन घोटांचा हिशेब केला आहे आणि एकदाही वही भरतोय असं वाटलं नाही. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (२०१७) भर समुद्रात एक बेट आहे. तिथे पाय ठेवला की अंगावरचे कपडे, शस्त्रं, बाण सगळं काढून घेतात, आणि तिथलं काम पुरं झालं की परत देतात. त्या बेटावर सापडलेले पाच बाण मला बाहेरच्या पन्नासांहून जड वाटले.

तुमच्या एका तासासाठी मधला रस्ताही आहे. विचर ३ (२०१५) आणि बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्ये साधे बाण संपतच नाहीत, मोजायचे ते फक्त खास: आग लावणारे, स्फोट होणारे वगैरे. शहाणपणाची सोय. मला तिचा एकच जाच होतो. ‘पुढे लागतील’ म्हणून मी ते खास बाण ठेवून देतो आणि गेम संपतो तेव्हा सगळे तसेच पेटीत. पाहुण्यांसाठी राखलेले काजू खवट होतात तसं. पण हा दोष गेमचा की माझ्या घरच्या वळणाचा, ते सांगता यायचं नाही.

अर्जुनाबद्दल मात्र मी तुमचं ऐकणार नाही. खांडववन जाळायच्या वेळी अग्नीच्या विनंतीवरून वरुणाने अर्जुनाला गांडीव आणि दोन अक्षय भाते दिले. कुरुक्षेत्रावर हजारो धनुर्धर होते. त्या सगळ्यांचे भाते अक्षय असते तर अर्जुनाच्या भात्यांचं कौतुक कुणी केलं असतं? बाकीच्यांचे संपतात म्हणूनच ते वरदान. बाल्डर्स गेट २ मध्येही (२०००) कधीच रिकामा न होणारा एक भाता मिळतो, आणि तो मिळाल्यावरचा आनंद आधी मोजक्या बाणांच्या जुड्या सांभाळल्याशिवाय कळत नाही. शिवाय तुम्ही कथा अर्ध्यावर सोडलीत. मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर अर्जुन द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघतो, वाटेत आभीर हल्ला करतात, आणि ते अक्षय भाते रिकामे होतात. गांडीवधारी अर्जुन धनुष्याच्या टोकाने लोकांना मारत सुटतो. सगळ्या महाभारतात मला त्याची कीव येते ती इथे. भाता कधीच रिकामा झाला नसता तर हा प्रसंग लिहिताच आला नसता.

जादूगाराच्या मुद्द्यावर मी हरलो. जुन्या बाल्डर्स गेटमध्ये जादूगार ठरावीक मंत्र पाठ करून निघायचा, वापरला की विश्रांती घेईपर्यंत गेला, त्यामुळे धनुर्धर आणि तो एकाच बोटीत असत. स्कायरिममध्ये जादूगार चार पावलं मागे सरकतो आणि त्याची शक्ती पुन्हा भरते. एकाला झरा आणि दुसऱ्याला कळशी, हा अन्यायच. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुमच्या टोमण्यामुळे या आठवड्यात एक गोष्ट करून बघितली. स्कायरिममध्ये नवं पात्र, सर्व्हायव्हल मोड, आणि वर माझा एक नियम: गावातून निघताना २४ बाण, बाहेर सापडलेले उचलायचे नाहीत, फक्त आपले परत घ्यायचे. ब्लीक फॉल्स बॅरो या थडग्यांच्या भुयारात शिरलो. आठ पायांच्या राक्षसी कोळ्याने निम्मे खाल्ले. खाली मढ्यांच्या दालनात पोचलो तेव्हा तीन उरले होते आणि समोरून मढी उठायला लागली. जमिनीवर तेल सांडलेलं, वर दिवा टांगलेला. ही जागा मी कितीतरी वेळा ओलांडली असेन, पण तो दिवा कशासाठी आहे हे कधी पाहिलंच नव्हतं. मढ्यांवरचा नेम सोडून एक बाण दिव्याला मारला.

जूनमध्ये तुमच्या पेट्या आटोपतील, तेव्हा दोन संध्याकाळी याच नियमाने खेळून बघा. आवडलं नाही तर पुन्हा शिव्या घाला, पण या खेपेला बाणांच्या वजनावरून नको.