सभामंडप कोणी मागितला होता?

सकाळी आठ ते दुपारी दीड. पाच जण आमदारांच्या कार्यालयाबाहेर बसून होतो. ऐन निंदणाचे दिवस, घरी बाया एकट्या वावरात. "भाऊ निघाले", "भाऊ लग्नात हायेत", "भाऊ पोहोचतच हायेत". शेवटी भाऊ आले, तीन मिनिटं उभे राहिले. निवेदन हातात धरलं, फोटो काढला. वाचलं नाही, एक ओळही वाचली नाही! वर म्हणतात, "गावाले काय पाहिजे? सभामंडप देऊन टाकतो."

डोकं सणकलं माझं. दोन पानं आम्ही रात्र-रात्र बसून लिहिली, ती कापसाच्या बोंडअळीवर. तालुक्यातल्या ठरावीक गावांत कामगंध सापळे (मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून घेणारे) लावा, रोजचे पतंग मोजायला शिकवलेला माणूस ठेवा आणि आकडा त्याच संध्याकाळी गावात कळू द्या, एवढंच मागणं. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हे शास्त्रज्ञांनी कधीचं सांगून ठेवलंय. पण मोजतं कोण? एकदा अळी बोंडात शिरली की वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतकरी मात्र मारतच राहतो, कारण दुकानदाराशिवाय त्याला सांगणारं कोणी नाही. २०१७ साली बोंडअळीनं कापूस खाल्ला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. आमच्या शेजारच्या घरातला माणूस तेव्हा आठ दिवस दवाखान्यात होता, डोळ्यांपुढं अंधारी येत होती त्याच्या. आणि हे सभामंडप देतात!

एक कार्यकर्ता मला समजावतो, "दादा, विज्ञान-संशोधन हा दिल्लीचा विषय हाय, आमदाराचा नाही." कोणी सांगितलं? राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा. राज्यसूचीतली, म्हणजे राज्याच्या विषयांच्या यादीतली, १४ वी नोंद: शेती, शेतीचं शिक्षण आणि संशोधन, किडींपासून संरक्षण. सरळ लिहिलंय तिथं. १९६९ पासून अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, तेही राज्याचंच. तिथं किडीवर काम करणाऱ्यांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे विधानसभेत आमदार नाही विचारणार तर कोण विचारणार? मी? मला कोण आत जाऊ देतं?

दरवर्षी हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, आमच्या घराच्या इतक्या जवळ. निवेदनाच्या शेवटी एकच विनंती होती, यावर सभागृहात एक प्रश्न टाका. ती ओळ वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

संध्याकाळी फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलेलं, "शेतकऱ्यांच्या समस्या जाणून घेताना." काय जाणून घेतलं, भाऊ? सांगा ना, त्या कागदात काय लिहिलं होतं?