पाठीवरचं बिऱ्हाड, वीस फुटांवर

हरणाला चकवायला झाडावरची वीस फूट उंची पुरते. ती वीस फूट गाठायची कशी, एवढ्या एका प्रश्नापायी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला शिकारी वर्षभर नीट झोपत नाही. तिरकमठ्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, बंदुकीचा १५ नोव्हेंबरला. पण खरा हंगाम खरेदीचा, आणि तो बारमाही आहे.

मुळात झाडावर चढायचंच कशाला, असं आपल्याकडची मंडळी विचारतात. त्यांचंही बरोबर आहे. भारतात शिकार कायद्याने बंद झाली आणि मचाण उरलं ते बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरची जनावरं मोजण्यापुरतं. इथे परवाना काढून हरीण मारणं रीतसर आहे, पण परवान्याला हरणाची संमती नसते. त्याचं सगळं शहाणपण नाकात. उंचावर बसलं की आपला वास काही अंतर त्याच्या डोक्यावरून जातो आणि आपली चुळबुळ त्याच्या नजरेच्या रेषेत येत नाही. सकाळी ऊन तापलं की हवा वर चढते, तेव्हा मामला सोपा. संध्याकाळी गार हवा खाली उतरते आणि दिवसभराचा आपला घाम बुंध्याशी ओतून देते. हरणं वर बघत नाहीत ही निव्वळ अफवा. चार हंगाम जगलेली मादी रानात शिरताना आधी झाडंच तपासते.

म्हणून एकाच झाडावर मुक्काम ठोकून भागत नाही. एका ओकखालची फळं संपली की गिऱ्हाईक दुसऱ्या ओकखाली जातं. वारा फिरला की तिसरं झाड शोधावं लागतं. सरकारी जंगलात गाडीपासून एखादा मैल चालायचं, तेही पहाटेच्या अंधारात, आणि बिऱ्हाड पाठीवर. शिडीचा स्टँड, म्हणजे शिडीच्या टोकावरची बैठक, इथेच बाद होतो. पंचवीस-तीस किलोचं पोलाद आणि ते उभं करायला तीन माणसं. स्वतःची जमीन असेल, किंवा सासऱ्याची, तर त्याच्याइतकं सुख नाही. उरतात तीन: क्लाइंबर, हँग-ऑन आणि सॅडल. या तिघांवरून इथे जेवढी भांडणं होतात तेवढी आपल्याकडे कोकणातल्या सामाईक विहिरीवरूनही होत नसतील.

क्लाइंबर म्हणजे दोन सुटे सांगाडे, वरचा बसायचा आणि खालचा उभं राहायचा. दोघांच्या केबली खोडाभोवती फिरवून अडकवायच्या. वरच्यावर भार टाकून पायांनी खालचा वर ओढायचा, टाचा दाबून त्याचे दात खोडात रुतवायचे, मग उभं राहून वरचा सरकवायचा. सुरवंट चालतो तसंच, फक्त सुरवंटाला घाम येत नाही. वजन नऊ ते तेरा किलो. वर पोचल्यावर खुर्ची मात्र अशी की डुलकी लागावी, आणि तीच पंचाईत.

खोड वर निमुळतं होत जातं हे क्लाइंबरवाल्याने विसरायचं नाही. बुंध्याशी फळी अगदी सपाट बांधली, तर वीस फुटांवर केबल सैल पडून ती पुढे कलते आणि माणूस घसरगुंडीवर बसल्यासारखा दिसतो. म्हणून खालीच पुढची कड चांगली वर उचलून बांधायची. दोन्ही सांगाडे एकमेकांना दोरीने जोडायचे. ही दोरी नसली आणि खालचा तुकडा पायातून निसटला, तर तो जमिनीवर जातो, आपण वर राहतो, आणि मधल्या वीस फुटांना कोणी वाली नसतो. पाऊस पडला, बर्फ साचलं किंवा बीच नावाच्या झाडासारखी गुळगुळीत साल असली तर दात घसरतात.

पण क्लाइंबरचं खरं दुखणं झाडांशी आहे. त्याला सरळ, विजेच्या खांबासारखं, फांदी नसलेलं खोड लागतं. मिशिगनात तशी झाडं रगड आहेत. १९३०च्या दशकात सीसीसीच्या, म्हणजे बेरोजगार तरुणांच्या सरकारी दलाच्या, पोरांनी लावलेल्या लाल पाइनच्या रांगा आजही कवायतीत उभ्या आहेत. एकूण एक क्लाइंबरला लायक. मात्र त्यांच्याखाली खायला काही नाही, त्यामुळे हरणाचं तिथे कामही नाही. हरणं असतात ओकखाली, आणि ओकला आठ फुटांवरच अशी फांदी की क्लाइंबरने हात टेकावेत. सरकारी जंगलात ती तोडायचीही नाही.

आणखी एक मोहात पाडणारं झाड म्हणजे ॲश. सरळ, फांद्या उंचावर, जाडी नेमकी. २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा सापडला आणि त्याने या राज्यातल्या ॲशची वाट लावली. मेलेला ॲश लवकर ठिसूळ होतो. नोव्हेंबरात बहुतेक पानझडी झाडं उघडी, त्यात जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं हे अंधारात कळत नाही. साल गळून पडली असेल, किड्याची इंग्रजी डी अक्षरासारखी भोकं दिसत असतील, तर पुढच्या झाडाकडे चला. झाड दिवसाउजेडी ठरवून ठेवा हे शंभर डॉलरच्या कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाचं आहे, पण ते विकत मिळत नाही म्हणून कोणी ऐकत नाही.

हँग-ऑन हा मध्यममार्गी गृहस्थ. लहानशी फळी आणि बैठक, चार-सहा किलोची, आणि चढायला तीन-चार स्टिक, म्हणजे खोडाला पट्ट्याने बांधायचे पायऱ्यांचे तुकडे. वाकडं झाड चालतं, फांद्याही चालतात. कमरेला लाइनमनची दोरी खोडाभोवती घ्यायची, एक स्टिक बांधायची, तिच्यावर चढून दुसरी बांधायची. प्रत्येक स्टिक पट्टा आवळल्यावर खाली खेचून बसवायची, नाहीतर पहिलं पाऊल ठेवताच ती बोटभर घसरते आणि काळीज हातभर. शॅगबार्क हिकरी या झाडाला बांधली तर ती झाडाला नाही, सुटत आलेल्या सालीला बांधलेली असते. शेवटची स्टिक फळीच्या वरपर्यंत गेलेली हवी. स्टँडवर खाली उतरून जायचं असतं, वर उडी मारून नाही. सगळी कसोटी लागते ती स्टँड लटकवताना. एका हातात पाच किलोचं धूड, दुसऱ्यात पट्टा, आणि तो पट्टा खोडामागून यायचा तिथेच फांदीत अडकतो.

आता सॅडल. ही नव्या पिढीची दीक्षा आहे. कमरेभोवती आणि मांड्यांखाली येणारी जाळीची झोळी, किलोभर वजनाची. तिच्या दोन कानांना जोडणारी पुढची दोरी म्हणजे ब्रिज. झाडाला बांधलेली दोरी म्हणजे टेदर, आणि तिच्यावर प्रुसिक गाठ, जी भार नसताना सरकते आणि भार पडला की आवळते. पायाखाली पुस्तकाएवढी फळी. माणूस झाडाकडे तोंड करून मागे रेलतो आणि हरीण आलं की झाडाआड लपतो. झाड वाकडं असो, जाड असो, मांडणी होते.

दुकानात कोणी सांगत नाही ते असं. टेदर कपाळाच्या उंचीला बांधायचा. रेलून उभं राहणाऱ्याने थोडा खाली, गुडघे खोडाला टेकून बसणाऱ्याने थोडा वर. ब्रिज फार आखूड ठेवला तर झोळी दोन्ही बाजूंनी कंबर अशी चिमटते की दीड तासात हरणापेक्षा हाडवैद्य आठवतो. आधी ब्रिज लांब करा, झोळी थोडी खाली मांड्यांवर ओढा, मगच नवीन सॅडल मागवा. गुडघ्यांना पॅड लागतात. उजव्या हाताच्या तिरंदाजाला डावीकडचा नेम सोपा, उजवीकडचा आणि पाठीमागचा अवघड. म्हणून फळी अशी लावायची की वाट डाव्या हाताला येईल. हरणाला हे कळवण्याची सोय नाही. ते उजवीकडूनच येतं आणि मग फळीच्या कडेवर पाय फिरवत, दोरीला लोंबकळत, आवाज न करता अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते.

सॅडलवाले वजनाबद्दल जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. झोळी एक किलो! बरोबर. फळी दोन, स्टिक चार, दोऱ्या एक, गुडघ्याचे पॅड, कडी, पिशवी. बेरीज आठ-नऊ किलो, म्हणजे हलक्या क्लाइंबरच्या आसपास. त्यावर उपाय म्हणून स्टिक कापतात आणि तिला खाली पट्ट्याची लोंबती पायरी जोडतात. वजन घटतं, पण ती पायरी पाय ठेवताच खोडाखाली पळते. पुढची पायरी अध्यात्माची: एकच स्टिक. तिच्यावर चढायचं, टेदर वर सरकवायचा, झोळीत लटकायचं, स्टिक उपसून वर बांधायची, आणि उतरताना दोरीवरून घसरत यायचं. वजन निम्मं, घाम दुप्पट. कमी केलेला प्रत्येक किलो आराम, वेळ, आवाज किंवा पैसा यांपैकी कुठल्यातरी खात्यावर पडतोच. दोनशे ग्रॅम वाचवायला दोनशे डॉलर मोजणाऱ्याचं पोट आठ किलोंनी पुढे असतं, तिकडे बघायचं नाही, असा इथला शिष्टाचार आहे.

आवाजाचं काय सांगावं. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम आपटलं की पहाटे पाचला अर्धा मैल बातमी जाते. स्टिकना कापडी चिकटपट्टी गुंडाळतात, कड्या मोज्यात ठेवतात. पट्टा दात्यांनी आवळणाऱ्या रॅचेटचा कटकटाट टाळून साधं दाबाचं बकल घ्यावं. वेल्क्रो असलेली कोणतीही वस्तू घरी ठेवावी. जाड जाकीट घालून चढू नये. ते पिशवीला बांधावं, वर जाऊन दहा मिनिटं थंड व्हावं, मग घालावं. घामेजलेला माणूस नोव्हेंबरात तासाभरात कुडकुडतो, आणि कुडकुडणारा माणूस वाजतो.

जीव सांभाळणाऱ्या अंगावरच्या पट्ट्याबाबत मात्र मस्करी नको. जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत दोरी अंगाला हवी. माणसं जास्त पडतात ती चढता-उतरताना आणि शिडीवरून फळीवर जाताना. हँग-ऑन आणि क्लाइंबरवर पूर्ण शरीराचा हार्नेस, दोरी डोक्यावर, ढील कमीत कमी. हार्नेसमध्ये लटकून राहिलं तर पायांत रक्त साचतं, म्हणून पाय टेकायला एक फास खिशात हवाच. सॅडल ही पडणाऱ्याला झेलायची वस्तू नाही. तिचा टेदर ताणलेलाच ठेवायचा, आणि मधली फांदी ओलांडताना पहिली दोरी सोडण्याआधी दुसरी बांधायची. तिरकमठा किंवा रिकामी बंदूक नंतर दोरीने वर ओढायची. जुन्या बाजारात सांगाडा खुशाल घ्या; पट्टे आणि दोऱ्या नव्या घ्या. उन्हाने विरलेला आणि खारीने कुरतडलेला पट्टा फोटोत छान दिसतो.

माझा कौल विचाराल तर असा. पाइन-ॲस्पेनचं रान, दिवसभर बसायचं आणि पाठ धड असेल तर क्लाइंबर. दोन-तीन ठरलेली झाडं असतील तर हँग-ऑन. दर वेळी नवं झाड, वेडंवाकडं रान आणि घरामागच्या झाडावर चार फुटांवर महिनाभर सराव करायची तयारी, तर सॅडल. शेजारी विचारतील काय चाललंय. खरं सांगावं, ते पुन्हा विचारत नाहीत.

आणि सरकारी जमिनीवर स्टँड ठेवून येणार असाल तर खिळे, स्क्रू आणि झाडात पिळायच्या पायऱ्या चालत नाहीत. स्टँडवर नाव-पत्ता किंवा परवान्याचा नंबर, जमिनीवरून वाचता येईल अशा इंग्रजी अक्षरांत लिहावा लागतो. ज्यांचं आडनाव कुलकर्णी-देशपांडेकर वगैरे लांबलचक आहे, त्यांनी सरळ नंबरच टाकावा. हलक्या फळीवर तेवढी जागा नसते.